स्ट्रिंग आणि अ‍ॅरेच्या पहिल्या सरावासाठी पायथन की सी++?

शब्द उलटा करणे, तो पॅलिंड्रोम (उलटसुलट सारखाच वाचला जाणारा) आहे का ते तपासणे, अ‍ॅरेतील (ओळीने ठेवलेल्या घटकांच्या यादीतील) दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या शोधणे, वाक्यातील प्रत्येक अक्षर किती वेळा आले ते मोजणे, अशा प्रश्नांनी कोडिंगच्या सरावाची सुरुवात होते आणि पहिला प्रश्न हाती घेण्याआधीच भाषा ठरवावी लागते. १९८५ साली बाजारात आलेली सी++ आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेली पायथन यांच्यात बहुतेकांचे मन अडते, म्हणून ही तुलना मुख्यतः त्या दोघींपुरतीच आहे.

पॅलिंड्रोमचा प्रश्न पायथनमध्ये एका ओळीत संपतो, कारण चौकटी कंसात दोन अपूर्णविराम आणि उणे एक लिहिले की उलटी स्ट्रिंग (अक्षरांची माळ) तयार मिळते आणि ती मूळ स्ट्रिंगशी ताडून पाहिली की उत्तर हाती येते. सी++मध्येही रिव्हर्स नावाचे तयार फंक्शन आहे. तरीही त्या भाषेत शिकणारा बहुधा एक इंडेक्स (शून्यापासून मोजलेला जागेचा क्रमांक) शून्यावर आणि दुसरा शेवटच्या अक्षरावर ठेवतो, दोन्हीकडची अक्षरे ताडतो आणि दोन्ही इंडेक्स मध्याकडे सरकवतो. पुढे अ‍ॅरेच्या कितीतरी प्रश्नांत हीच युक्ती लागते, आणि एका ओळीत उत्तर मिळवणाऱ्याची तिच्याशी ओळखच झालेली नसते. शिवाय पायथनची स्ट्रिंग एकदा तयार झाली की तिच्यातले एक अक्षरही जागच्या जागी बदलता येत नाही. आधी तिची लिस्ट करावी लागते, मग बदल, मग पुन्हा जोडणी. सी++मध्ये हा बदल सरळ होतो.

चुका पकडण्याच्या बाबतीत मात्र पायथन नवख्याला फार सांभाळून घेते. पाच घटकांच्या अ‍ॅरेत पाच क्रमांकाचा इंडेक्स मागितला, तर पायथन कार्यक्रम थांबवून चुकलेल्या ओळीचा क्रमांक दाखवते, तर सी++मध्ये चौकटी कंस वापरल्यास काय घडेल याची काहीच हमी नसते. कधी भलताच आकडा छापला जातो, कधी कार्यक्रम कोसळतो आणि कधी, हे सर्वांत वाईट, उत्तर योगायोगाने बरोबर येते. पायथनचाही एक छुपा खड्डा आहे: उणे एक हा इंडेक्स तिथे शेवटचा घटक देतो. शेजारशेजारच्या संख्या ताडणारा लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा भाग) एकऐवजी शून्यापासून सुरू केला, तर पहिली संख्या गुपचूप शेवटच्या संख्येशी ताडली जाते आणि एररचा मागमूसही दिसत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ यातच गेली होती.

इनपुट घेताना दोन्ही भाषा वेगवेगळ्या जागी फसवतात. पायथन वाचलेली ओळ स्ट्रिंग म्हणूनच देते, त्यामुळे संख्यांत रूपांतर करायचे राहिले तर सॉर्ट केल्यावर (क्रमाने लावल्यावर) १० हा ९ च्या आधी येतो. सी++मध्ये सी-इनने (इनपुट वाचण्याच्या नेहमीच्या सोयीने) वाक्य वाचले तर पहिल्या स्पेसलाच वाचन थांबते आणि त्यासाठी पूर्ण ओळ वाचणारे गेटलाइन वापरावे लागते. बेरजेचा प्रश्न याहून कपटी असतो: एक लाख घटक आणि प्रत्येक घटक एक लाखाचा असेल तर बेरीज एक हजार कोटी होते, पण सी++च्या नेहमीच्या इंटमध्ये (पूर्णांकाच्या प्रकारात) २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच मावते. तिथे लाँग लाँग हा मोठा पूर्णांक प्रकार आठवावा लागतो. पायथनमध्ये ही चिंताच नाही.

वेगाचा बाऊ या पायरीवर करू नये. सी++ बरीच वेगवान आहे हे खरे, परंतु एक लाख घटकांच्या प्रत्येक जोडीची बेरीज तपासायला निघालात तर सुमारे ५०० कोटी जोड्या होतात आणि एका सेकंदाच्या मर्यादेत दोन्ही भाषा अडकतात. पाहिलेल्या संख्या पायथनच्या डिक्शनरीत किंवा सी++च्या अनऑर्डर्ड मॅपमध्ये (दोन्ही नोंद लगेच शोधून देणाऱ्या रचना) ठेवल्या की तोच प्रश्न एका फेरीत सुटतो.

मराठी मजकुरावर हात चालवून पाहणाऱ्यांना आणखी एक फरक जाणवेल. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथन ५ सांगते, कारण ती काना आणि वेलांटी वेगळ्या मोजते. यूटीएफ-८ (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) मध्ये साठवलेल्या त्याच शब्दाची लांबी सी++ची साधी स्ट्रिंग १५ सांगते, कारण ती बाइट मोजते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. शब्द उलटा केला तर पायथनमध्ये वेलांटी निराधार होऊन पुढे येते आणि सी++मध्ये अक्षरांचा चुराडाच होतो, म्हणजे ‘ठीराम’ कोणीच देत नाही.

माझे मत असे की ज्याने याआधी एकही लूप लिहिलेला नाही त्याने पायथन घ्यावी, मात्र पहिले वीस-तीस प्रश्न सॉर्ट, मॅक्स (सर्वांत मोठी संख्या देणारे फंक्शन) आणि उलटे करण्याची ती एक ओळ न वापरता सोडवावेत. ज्याचा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम सीमध्ये झाला आहे किंवा ज्याला स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंगकडे वळायचे आहे त्याने सरळ सी++ धरावी. जावा नोकरीसाठी शिकतच असाल तर तीही चालेल. फक्त दोन स्ट्रिंगमधील मजकूर ताडताना दुहेरी बरोबर चिन्हाऐवजी इक्वल्स वापरावे लागते. दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या संख्येसाठी सुरुवातीची किंमत शून्य धरण्याची चूक मात्र तिन्ही भाषांत सारखीच महागात पडते, कारण -४, -९, -२ एवढेच घटक असले तर उत्तर -४ ऐवजी ० येते आणि कोणताही कंपायलर ते पकडत नाही.