पेरू की पपई, फोडी की रस? मोठेपणी फळांची गोडी लावून घेताना

मोठेपणी फळं खायला लागायचं असं ठरवलेला माणूस बहुधा पोषणाच्या तक्त्यापासून सुरुवात करतो. कशात क जीवनसत्त्व जास्त, कशात साखर कमी, हे बघून फळ निवडतो, किलोभर आणतो आणि ते टोपलीत सुकून जातं. तक्ता चुकीचा नसतो, पण ज्याला फळाचा पहिला घासच नकोसा वाटतो त्याच्या तो उपयोगाचा नाही. निवड दुसऱ्या टोकाने करावी, असं माझं ठाम मत आहे. फळातलं नेमकं काय खटकतं ते आधी शोधावं आणि त्या तक्रारीला वावच न देणारं फळ पहिलं आणावं.

फळं न खाणाऱ्या मोठ्या माणसांशी बोललं की तक्रारी मोजक्याच निघतात. मऊ, गिळगिळीत लागतं. आंबट निघालं की दात आंबतात. वास सहन होत नाही. सोला, कापा, बिया काढा, हात चिकट करून घ्या, एवढं कोण करणार! आणि एक तक्रार अशी, जी कुणी पटकन बोलून दाखवत नाही: फळाचा भरवसा नाही. बिस्किटाचा पुडा दर वेळी सारखाच लागतो. संत्रं मात्र एक गोड, तर दुसरं फिकं. लहानपणी हा प्रश्न घरातलं कुणीतरी सोडवायचं. फळ दाबून, हुंगून निवडायचं आणि फोडी करून ताटलीत पुढ्यात ठेवायचं. एकटं राहायला लागल्यावर फळं सुटतात ती बरेचदा इथे. शिवाय आपल्याकडे फळाच्या जागा ठरलेल्या: एकादशीला केळं, दवाखान्यात भेटायला जाताना मोसंबी. धडधाकट माणसाने साध्या बुधवारी दुपारी निव्वळ चवीसाठी फळ खावं, ही सवयच लागलेली नसते.

गाठायचं तरी किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. १०० ग्रॅम म्हणजे एखादा मध्यम पेरू किंवा एक केळं. एवढंच. ताटभर फळांची गरज नाही, म्हणून घाईचीही नाही.

पेरू की पपई

दोन्ही स्वस्त, दोन्ही गल्लीतल्या गाडीवर मिळणारी, आणि स्वभावाने अगदी विरुद्ध. मऊपणा खटकत असेल तर पपईच्या वाटेला आत्ता जाऊ नका. पेरू घ्या, तोही हिरव्याचा नुकता पिवळा व्हायला लागलेला, दाताखाली कराकरा वाजणारा. गाडीवाले देतात तसा चार चिरा पाडून, तिखट-मीठ लावून. ही नुसती चैन नव्हे. मिठामुळे कडवट चव दबते आणि त्याच फळातली गोडी वर येते. शुद्ध फळच खायचं, वर काही घालायचं नाही, हा हट्ट पहिल्या महिन्यात सोडून द्यावा. चिमूटभर मिठामुळे रोज पेरू खाल्ला जाणार असेल तर ते मीठ सत्कारणी लागलं. रक्तदाब असलेल्यांनी मात्र मिठाऐवजी लिंबू आणि जिरेपूड वापरावी.

पोषणातही पेरू कमी नाही. १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, म्हणजे संत्र्याच्या जवळपास चौपट, आणि तंतूही भरपूर. त्याची अडचण एकच, बिया. दातांत अडकतात म्हणून पेरू सोडलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनी मधला बियांचा गोळा चमच्याने काढून टाकावा आणि बाजूचा जाड गर खावा. चवीत फार फरक पडत नाही. हल्ली बाजारात मोठे, जाड गराचे, कमी बियांचे पेरूही येतात. करकरीतपणात ते उत्तम, सुगंधात मात्र थोडे कमी. मला विचाराल तर सुगंधासाठी सरदार जातीला तोड नाही. ही जात १९२७ मध्ये पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळ संशोधन केंद्रात निवडली गेली आणि ‘लखनौ-४९’ या नावाने देशभर पसरली. पेरू खावा तो थंडीत. पावसाळी पेरू पाणचट असतो आणि फळमाशीमुळे त्यात अळी निघण्याची शक्यताही जास्त. पहिलाच पेरू किडका निघाला तर माणूस पुन्हा वर्षभर त्या गाडीकडे बघत नाही.

पपई कुणासाठी? ज्यांचे दात साथ देत नाहीत, ज्यांना चावण्याचा कंटाळा आहे, ज्यांचं पोट साफ होत नाही त्यांच्यासाठी. तिच्याबद्दलची खरी तक्रार वासाची असते. बियांमध्ये मोहरीच्या जातीचा उग्रपणा असतो, म्हणून बियांबरोबर आतला धाग्यांचा थरही नीट खरवडून काढावा. मग फोडी थंड कराव्यात आणि वर लिंबू पिळावं. थंडाव्याने वास कमी जाणवतो, लिंबाने चव उठते. एवढं करूनही जमलं नाही तर पपई सोडून द्यावी, बाकी फळं आहेत.

केळं की चिकू

आंबटपणाच नको, अशांसाठी ही जोडी. खटाटोप नको असेल तर केळ्याला पर्याय नाही: सुरी नको, ताटली नको, धुवायला नको. पण केळं कोणत्या दिवशी खाता यावर सगळं अवलंबून आहे. पिकताना त्यातल्या पिठाची साखर होत जाते आणि गर मऊ पडत जातो. गिळगिळीतपणा नको असेल तर पिवळं झालेलं पण टोकांना हिरवट झाक असलेलं केळं खा. ठिपके पडल्यावर ते शिकरणीला ठेवा. जळगावकडची लांब केळी रोजच्यासाठी बरी, पण नवशिक्याला मी वेलची केळी सुचवेन. लहान, घट्ट, गोडीला किंचित आंबूस किनार, आणि दोन घासांत संपणारी. अर्धं केळं उरून काळं पडण्याचा प्रश्नच नाही. केळी फ्रिजमध्ये ठेवू नका. साधारण १३ अंशांच्या खाली त्यांची साल काळवंडते.

चिकू चवीने कितीतरी समृद्ध. डहाणू-घोलवडचा चांगला पिकलेला चिकू खाल्ला की गोडाचं जेवण झाल्याचं समाधान मिळतं. म्हणून मिठाई सोडू पाहणाऱ्यासाठी तो केळ्यापेक्षा सरस. फक्त तो भरवशाचा नाही. कच्चा असेल तर तुरट लागतो आणि चिकाने ओठ चिकटतात, दोन दिवस जास्त झाले तर आंबूस होतो. त्याची वेळ दिवस-दीड दिवसाची असते. रोज दाबून बघायची तयारी असेल तरच चिकू घ्या, नाहीतर केळ्यावर राहा.

संत्रं की मोसंबी

इथे फळापेक्षा महिना महत्त्वाचा. नागपुरी संत्र्याचे दोन बहार असतात. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे येतात आणि त्यांना आंबटपणा जास्त असतो. मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतात आणि गोडीला सरस असतात. ‘संत्रं मला सोसत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी मृगाचं संत्रं नीट खाल्लेलंच नसतं. मोसंबी आंबट नाही, पण फिकी, आणि सोलायला चिवट. तिचा रस काढून ठेवला तर थोड्या वेळात कडू होऊ लागतो. दोन्हींत मी संत्र्याच्या बाजूने आहे: हातानेच सोलता येतं आणि फाक-फाक करून बोलता बोलता संपतं.

एक खूणगाठ बांधून ठेवा. केळी, चिकू, पपई, आंबा, सीताफळ तोडल्यावरही पिकतात, म्हणून ती थोडी आधीची आणून घरी पिकू देता येतात. संत्री, मोसंबी, द्राक्षं, डाळिंब, अननस, स्ट्रॉबेरी तोडल्यावर आणखी गोड होत नाहीत. आंबट आणली तर आंबटच राहतील. द्राक्षवाल्याकडे आधी एक मणी चाखायला मागण्यात संकोच करू नये.

फोडी की रस

‘चावून खात नाही, पण रस पिईन’, असं म्हणणारे बरेच असतात, आणि त्यांना नाउमेद करायला मला आवडत नाही. तरीही या तुलनेत माझा कौल स्पष्टपणे फोडींना आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९७७ साली एक छोटा पण नेटका प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्याच माणसांना सफरचंद अख्खं, लगदा करून आणि तंतू काढलेल्या रसाच्या रूपात दिलं. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट वेगाने पिऊन झाला, आणि पोट सर्वांत जास्त भरलं ते अख्ख्या फळाने. जागतिक आरोग्य संघटनाही रसातल्या साखरेची गणना, मर्यादेत ठेवायच्या ‘मोकळ्या’ साखरेत, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच गटात करते. अख्ख्या फळातल्या साखरेची करत नाही. तीन-चार मोसंब्या चावून खायला बसलात तर दुसऱ्या मोसंबीलाच पोट ‘पुरे’ म्हणतं, रसाचा पेला मात्र उभ्याउभ्या संपतो.

आणि आपल्या हेतूच्या दृष्टीने रसाचा मोठा तोटा वेगळाच आहे. अडचण फळाच्या पोताची असेल, तर रस ती अडचण चुकवून जातो. जिभेला गराची ओळख होतच नाही. मिल्कशेक त्यामानाने बरा, कारण गर पोटात जातो, पण त्यात साखर आणि आइस्क्रीम आलं की ते गोड पदार्थाचं खाणं झालं.

सुटं की जेवणात

हा पर्याय लोक विसरतात, आणि मला तो सगळ्यांत आशादायक वाटतो. आपल्या स्वयंपाकात फळ आधीपासून आहे. दहीभातात डाळिंबाचे दाणे. केळ्याची दह्यातली कोशिंबीर, वर हिरवी मिरची आणि जिऱ्याची फोडणी. पेरूची कोशिंबीर, दाण्याचा कूट घालून. पोळीबरोबर शिकरण. काकडीच्या कोशिंबिरीत बारीक चिरलेलं सफरचंद. इथे फळ एकटं समोर येत नाही, ओळखीच्या चवीचा हात धरून येतं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं होतं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती अधिक आवडू लागते. खाण्याच्या बाबतीत हे लहान मुलांवर पुष्कळदा दिसून आलं आहे, आणि मोठ्यांची जीभ काही बंद पडलेली नसते. फक्त मोठ्यांना ‘हे खा’ म्हणणारं कुणी नसतं, म्हणून वारंवारता आपली आपण घडवावी लागते. जेवण रोज होतंच. फळ त्यात बसवलं की वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

सुटं फळ खाण्याचा फायदा असा की ते खाऊ म्हणून चार-साडेचारच्या भुकेला उपयोगी पडतं, जेव्हा हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. त्या वेळी फळ कापलेलं आणि डोळ्यांसमोर असेल तरच जिंकतं. डाळिंब असेल तर रविवारी दाणे सोडवून डबा भरून ठेवावा. सोलण्याचा कंटाळा एकदाच, सुख तीन-चार दिवस. सफरचंद कापून लिंबाच्या पाण्यात बुडवून काढलं तर काळं पडत नाही. मात्र सफरचंद ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या नव्या तोडणीचं बघून घ्यावं. फार काळ साठवलेलं पिठूळ लागतं, आणि ‘सफरचंदाला चवच नाही’ हे मत तिथेच तयार होतं. सीताफळ आणि अननस सुरुवातीला नकोच. पहिल्यात बिया फार, दुसऱ्याने जीभ चुरचुरते.

मधुमेह असेल तर फळं बंद करायची नसतात, पण किती आणि कोणती हे तुमची साखर बघणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, आणि रस टाळा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर केळी, संत्री, मोसंबी, शहाळं यांतल्या पोटॅशियममुळे हा सगळा लेख बाजूला ठेवून आधी त्यांचा सल्ला घ्या.

आता सुरुवात कधी करताय यावर पहिलं फळ ठरवा. नोव्हेंबर ते जानेवारी असेल तर डोळे मिटून पेरू, करकरीत, तिखट-मिठासह. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाचं संत्रं आणि द्राक्षं. त्याच सुमारास पुरंदरची ताजी अंजिरंही येऊ लागतात, ती एकदा तरी खाऊन बघा. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याबद्दल काही सांगायला नकोच, पण रस काढण्याआधी एक तरी आंबा फोडी करून खा, आणि दुपारच्या भुकेला कलिंगड ठेवा. जून ते सप्टेंबर हे सुरुवातीला सगळ्यांत अवघड महिने. तेव्हा वेलची केळी आणि डाळिंब एवढ्यावरच राहा, एक सुटं खायला, एक दहीभातात.