डिझेल व्हॅनसाठी घेतलेला स्कॅनर, रिटर्नच्या बाटल्या आणि पारदर्शक पाइप – काही महिने वापरून

आधी गाडीचं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. चार सिलिंडर कॉमन रेल डिझेल (म्हणजे पंप एका सामाईक जाड नळीत, रेलमध्ये, प्रचंड दाबाने डिझेल भरतो आणि तिथून सगळ्या इंजेक्टरना जातं), बीएस-४, तेरा सीटची व्हॅन. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, कारण हे दुखणं कुठल्याही सीआरडीआय, म्हणजे कॉमन रेल, गाडीला होऊ शकतं. गाडी चिपळूणला असते, वऱ्हाड, देवदर्शन अशा भाड्यांना जाते, त्यामुळे कुंभार्ली घाट तिच्या पाचवीलाच पुजलेला. तक्रारी दोन होत्या. सकाळी चालू व्हायला त्रास, लांबलचक सेल्फ मारावा लागायचा. आणि घाटात लोडवर, तिसऱ्या गिअरला, एकदम दम सोडायची, चेक लाइट लागायचा, ॲक्सिलेटर तळाला टेकवला तरी ढिम्म, मग बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की परत काही झालंच नाही अशी चालायची. गॅरेजला नेली तर बॉनेट नीट उघडायच्या आधीच निकाल, "शेठ, हाय प्रेशर पंप गेलाय, नवीन बसवावा लागेल." आकडा साठ-सत्तर हजारांचा. आता पंप जातच नाहीत असं माझं म्हणणं नाही, पण गेलाय हे कशावरून, ते कोणी सांगेना. म्हणून ही तीन हत्यारं घेतली आणि आता पावसाळ्यासकट बरेच महिने वापरून झाल्यावर लिहितोय.

पहिला ब्लूटूथ स्कॅनर. स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटला लावायचा छोटा डबा, ईएलएम ३२७ प्रकारचा, गाडीचे बिघाडाचे कोड आणि रीडिंग मोबाइलच्या ॲपवर दाखवतो. बाजारात याच्या डुप्लिकेटचा सुळसुळाट आहे, तीन-चारशेतला मिळतो तो निम्म्या वेळा कनेक्टच होत नाही, मध्येच कनेक्शन तुटतं, आणि रीडिंग इतकं सावकाश बदलतं की घाटात काय झालं ते कळेपर्यंत होऊन गेलेलं असतं. माझा पहिला तसाच होता, नंतर हजार-दीड हजाराचा घेतला तो बरा चालतोय. आयफोनवाल्यांनी घ्यायच्या आधी चालेल का ते विचारून घ्या, सगळे चालत नाहीत.

कोड आला पी००८७. अर्थ एवढाच की रेलमधलं प्रेशर हवं त्यापेक्षा कमी. बरेच लोक इथेच थांबतात आणि बरेच मेकॅनिकसुद्धा, प्रेशर कमी म्हणजे प्रेशर बनवणारा पंप खराब, झालं, लिहा बिल. पण प्रेशर कमी पडायला टाकीच्या जाळीपासून इंजेक्टरपर्यंत काहीही कारण असू शकतं, जाळी तुंबली, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं, फिल्टर चोक, कुठूनतरी एअर येतेय, पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा मीटरिंग वॉल्व्ह अडकतोय, रेलवरचा जादा दाब सोडणारा लिमिटर वॉल्व्ह गळतोय, प्रेशर सेन्सर खोटं बोलतोय, इंजेक्टर जास्त रिटर्न मारतोय (म्हणजे सिलिंडरमध्ये न जाता जास्तीचं डिझेल टाकीकडे परत सोडतोय), आणि या सगळ्यानंतर पंप. कोड काय झालं ते सांगतो, कुणामुळे ते नाही सांगत.

म्हणून माझ्या लेखी स्कॅनरचा खरा उपयोग कोड वाचण्यात नाही, लाइव्ह रीडिंगमध्ये आहे. ॲपमध्ये रेल प्रेशर किलोपास्कलमध्ये दिसतं, त्याला १०० ने भागलं की बार. म्हणजे ३०,००० दिसलं तर ३०० बार. बहुतेक गाड्यांत आयडलला २५० ते ३५० च्या आसपास असतं, फुल लोडला या पिढीच्या गाड्या १६०० पर्यंत जातात. आणि चालू होताना साधारण २०० बार होईपर्यंत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडतच नाही, म्हणजे बॅटरी ठणठणीत, सेल्फ जोरात फिरतोय, तरी गाडी पेटत नाही. सकाळी मोबाइल डॅशबोर्डवर ठेवून सेल्फ मारला तर आकडा रांगत होता, ६०, ९०, १३०, परत १०० वर, आणि मग कधीतरी २०० ओलांडले की एकदम चालू. दुसऱ्या दिवशी सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबला आणि चावी मारली तर पहिल्या झटक्यात चालू! इथे अर्ध उत्तर मिळालं. पंपाच्या आतच झीज असती तर हातपंपाने एवढा फरक पडायचं कारण नव्हतं. रात्रभरात लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरत होतं, त्याची जागा हवा घेत होती.

आता पाइप. सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा. माझ्या गाडीत टाकीत डिझेल पुढे ढकलणारी मोटर नाही, पंप स्वतःच डिझेल ओढून घेतो, त्यामुळे टाकी ते पंप ही सगळी लाइन ओढीत असते. अशा लाइनला चीर पडली तर डिझेल बाहेर सांडत नाही, हवा आत जाते. खाली एक थेंब दिसत नाही आणि म्हणून "लीकेज नाहीये मालक" असं छातीठोकपणे सांगितलं जातं. (टाकीत मोटर असलेल्या गाडीचं उलटं, तिथे लाइन दाबात असते, डिझेल बाहेर येतं, तिथे पारदर्शक पाइप लावायचा तर क्लॅम्प घट्ट पाहिजे.) फिल्टर आणि पंपाच्या मध्ये हातभर पारदर्शक पाइप टाकला. आयडलला साबूदाण्याएवढे बुडबुडे एकामागे एक, रेस केल्यावर तर पाइप अर्धा पांढराच. मग तोच पाइप फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला टाकला, तिथेही बुडबुडे. म्हणजे फिल्टरचा ओरिंग, हातपंप हे निर्दोष, हवा त्याच्याही मागून येतेय.

खात्री करायला कॅनची टेस्ट केली. स्वच्छ कॅनमध्ये पाच लिटर डिझेल, फिल्टरच्या इनलेटला कॅनमधून पाइप, टाकी बाजूला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कॅन जमिनीवर ठेवायचा, टपावर किंवा इंजिनच्या वर टांगला की डिझेल आपोआप खाली येतं आणि पुढे कुठे हवा खेचत असेल तर ती झाकली जाते. रिटर्न टाकीलाच जाऊ दिला, फक्त कॅन रिकामा होतोय इकडे लक्ष ठेवलं. बुडबुडे गायब. रात्रभर तसाच ठेवला, सकाळी हातपंपाला हात न लावता लगेच चालू.

टाकी खाली उतरवली तेव्हा प्रकार दिसला. टाकीच्या वर जिथे रबरी होज लोखंडी पाइपवर चढतो तिथल्या क्लिपखाली लोखंडी पाइप गंजून खवले निघालेले, नखाने खरवडलं तर टाचणीच्या टोकाएवढं भोक. क्लिप चढवलेली असताना ते दिसणं शक्यच नव्हतं. आणि जाळीवर काळा, शेवाळासारखा चिकट थर. टाकीच्या तळाशी पाणी साठतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर बॅक्टेरिया-बुरशी वाढते, तिचा हा गाळ. कोकणातली हवा आणि रात्री अर्धी रिकामी टाकी उभी ठेवायची सवय, दोन्ही त्याला पोषक. जाता जाता, २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर इथे जुनी गाडी घेताना लोक सीटखाली गाळ आहे का बघतात, कार्पेट उचलून बघतात, टाकी मात्र कोणी उघडून बघत नाही. टाकी धुतली, जाळी नवीन, लोखंडी पाइपचा तुकडा बदलला, फिल्टर बदलला, एअर काढली. जुना फिल्टर फेकण्याआधी कापून कागद उलगडून बघितला, उन्हात धरून, चकाकी दिसते का म्हणून. पंप झिजत असेल तर फिल्टरात किंवा मीटरिंग वॉल्व्हच्या जाळीवर धातूची चंदेरी पूड मिळते, आणि ती मिळाली तर मात्र निव्वळ पंप बदलून भागत नाही, रेल, पाइप, इंजेक्टर, टाकी सगळं साफ करावं लागतं नाहीतर नवीन पंपासकट परत तेच. माझ्याकडे काळा गाळ होता, चकाकी नव्हती.

सकाळचा त्रास संपला. घाटातला नाही संपला, कमी झाला फक्त. इथे पंपवाल्या पार्टीला परत जोर आला, "बोललो होतो ना शेठ." पण लक्षण बघा, सकाळी थंड असताना आता चोख, आणि घाटाच्या पायथ्याच्या पोफळीवरून चढायला लागल्यावर इंजिन तापलं की रड. वर कोयनानगरला चहाला दहा मिनिटं थांबलो की परत चालू करताना सेल्फ लांबायचा. थंडला चांगली आणि गरमला वाईट म्हणजे माझा संशय इंजेक्टरच्या रिटर्नवर, कारण तापलेलं डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतून जास्त सुटतं, पंप बिचारा भरतोय आणि हे रिकामं करतंय.

म्हणून तिसरं हत्यार, रिटर्न टेस्टच्या बाटल्या. चार मापाच्या बाटल्या, चार नळ्या, वेगवेगळे ॲडॉप्टर. इंजेक्टरवरची रिटर्न लाइन काढायची, ती जिथून टाकीकडे जाते ते तोंड बुच लावून बंद करायचं, प्रत्येक इंजेक्टरला एक नळी, इंजिन गरम करून आयडलला दोन-तीन मिनिटं. तीन बाटल्यांत तळाला बोटभर डिझेल आणि तिसऱ्या सिलिंडरची गळ्यापर्यंत. अजून काय पुरावा पाहिजे. नेमकं किती एमएल चालतं ते गाडीगणिक बदलतं, पण एकच बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट असेल तर तोच. ही टेस्ट सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने उघडणाऱ्या) इंजेक्टरची आहे हां, पिएझो (क्रिस्टलने उघडणाऱ्या) इंजेक्टरच्या रिटर्नला ठराविक दाब लागतो, तिथे नळ्या मोकळ्या सोडून टेस्ट करू नका.

आणि एक गोष्ट जरा ओरडूनच सांगतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांवर हात बसलेले लोक चालू इंजिनवर नोझलचा नट सैल करून कुठला सिलिंडर मिसिंग आहे ते बघतात. कॉमन रेलला हे करायचं नाही म्हणजे नाही. शेकडो बारची धार कातडीतून सरळ आत घुसते, बाहेरून फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि बोट कापायची वेळ येते. लागलंच तर टोचलंय म्हणून घरी बसू नका, लगेच मोठं हॉस्पिटल. गळती शोधायलाही हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरा. इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ जाऊ द्या, ॲपवर रेल प्रेशर खाली आलेलं बघा, मगच पाना लावा.

इंजेक्टर कऱ्हाडला पंप-नोझलवाल्याकडे नेला. त्याने बेंचवर लावून आधीचं आणि नंतरचं रीडिंग छापून दिलं, हे मला आवडलं, तुम्हीही मागून घ्या, देत नसेल तर दुसरा बघा. आतली वॉल्व्हची सीट झिजली होती, वॉल्व्ह सेट आणि नोझल बदललं, इंजेक्टरचा नवीन कोड दिला (हा बिघाडाचा कोड नव्हे, त्या इंजेक्टरच्या मापाचा). तो कोड ईसीयूत भरावा लागतो, माझ्या ब्लूटूथ डब्याला ते जमत नाही, त्यासाठी त्याचाच मोठा स्कॅनर. बसवताना तांब्याचा वॉशर नवीन, हाय प्रेशरचा तो एक पाइपही नवीन, नट ठरलेल्या टॉर्कवर (जोरावर) आवळलेले. टाकीचं काम धरून सगळा खर्च पंपाच्या आकड्याच्या पाव भागात बसला. पंप अजून तोच आहे, कंपनीतून आलेला.

त्यानंतरचे महिने: सकाळी लगेच चालू, घाटात एकदाही कोड नाही, ऐन पावसात भरलेल्या गाडीनेसुद्धा. फिल्टरच्या आधी तळाला पारदर्शक वाटी असलेला एक वॉटर सेपरेटर जोडून घेतला, दर आठवड्याला खालचा नॉब सोडून बघतो, जुलै-ऑगस्टमध्ये दरवेळी थोडं पाणी निघालंच, आता निघत नाही. मात्र त्याचे दोन जोड वाढले म्हणजे हवा शिरायच्या दोन जागा वाढल्या, क्लिपा चांगल्या घ्या.

वस्तूंची स्थिती. स्कॅनर चालू आहे, पण गाडी तीन-चार दिवस उभी राहणार असेल तर काढून ठेवतो, बॅटरी खातो. बाटल्यांच्या किटमधले अर्धे ॲडॉप्टर माझ्या इंजेक्टरला बसतच नाहीत, एक क्लिप पहिल्याच वापरात तुटली, बाटल्यांवरचे आकडे डिझेलने पुसले गेले, मार्करने परत काढलेत. पारदर्शक पाइप हार्डवेअरच्या दुकानातला साधा पीव्हीसी घेऊ नका, डिझेलमध्ये कडक पडतो, पिवळा होतो आणि जोडातून सुटतो, डिझेलला चालणारा पीयू (पॉलियुरेथेन) घ्या. तोही टेस्टपुरता, काम झालं की काढून मूळचा होज परत बसवा, सायलेन्सरजवळ तर मुळीच ठेवू नका.

पाचपैकी द्यायचे तर स्कॅनरला साडेतीन, बाटल्यांना तीन, पाइपला पाच. एकच गोष्ट घ्यायचा खिसा असेल तर पाइप आणि दोन चांगल्या क्लिपा घ्या, स्कॅनर मित्राकडून मागून आणता येतो. बीएस-६ वाल्यांना मात्र माझा अनुभव जसाच्या तसा लागू होणार नाही, घाटात दम सोडण्यामागे तिथे डीपीएफ (सायलेन्सरच्या लाइनमधला काजळी अडवणारा फिल्टर) तुंबलेलाही असू शकतो, त्यामुळे आधी कोड बघा, पी००८७ असेल तरच डिझेल लाइनच्या मागे लागा.