काचेवरून परत येणारा बॉल : आमच्या क्लबातली पॅडल कोर्टं

गेले तीन महिने दर शनिवारी सकाळी बेळगावच्या टिळकवाडीतून स्कूटर काढते, लेकीला मागं बसवते आणि सातच्या स्लॉटला क्लबात पोचते. मी शाळेत पीटी शिकवते. कॉलेजात असताना खो-खो खेळले, नंतर वीस वर्षं बॅडमिंटन. गुडघा कुरकुरायला लागल्यावर बॅडमिंटन सुटलं. क्लबानं जुन्या टेनिस कोर्टाशेजारी पॅडलची, म्हणजे टेनिससारख्या पण भिंतीवरून परत आलेला बॉलही मारता येतो अशा खेळाची, दोन कोर्टं बांधली तेव्हा सहज बघायला म्हणून गेले, आणि आता सोडवत नाही.

कोर्ट 20 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद, म्हणजे व्हॉलीबॉलच्या मैदानापेक्षा थोडंच मोठं. चौघांचा खेळ. मागं तीन मीटर उंचीची काच, तिच्यावर मीटरभर तारेची जाळी. रॅकेटला तार नसते, भोकं पाडलेली जाड फळीच ती, आणि तिची दोरी मनगटात अडकवावीच लागते. गुण टेनिससारखे मोजायचे. सर्व्हिस मात्र बॉल जमिनीवर टप्पा पाडून, कमरेच्या वर न जाता, खालून करायची. त्यामुळं खांद्यावर ताण येत नाही. माझी साठीतली नणंद पहिल्याच दिवशी चार सर्व्हिस बरोबर टाकून मोकळी झाली.

मला मात्र पहिले दोन आठवडे जड गेले. बॅडमिंटनची सवय अशी की शटल मागं गेलं म्हणजे गेलंच. त्यामुळं दिसेल तो बॉल मी हवेतच मारायला धावायची. कोर्ट सांभाळणारा पोरगा बाहेरून ओरडायचा, "टीचर, सोडा की ओ तो बॉल! मागनं येतोय!" एकदा खरंच सोडला. माझ्या उजव्या बाजूनं टप्पा पडून बॉल मागं गेला, काचेवर धप्पकन आपटला आणि गुडघ्याच्या उंचीवर, वेग निम्मा करून, अगदी हाताजवळ आला. वळायचं तेवढं बाकी होतं. तिथं माझा खो-खो कामाला आला. खांबाजवळ वळताना पाय आधी फिरतात आणि खांदा मागून येतो, तसंच इथं बॉलबरोबर फिरायचं. तो दिवस माझ्या लक्षात राहील. तारेच्या जाळीला लागलेला बॉल मात्र कुठं उडेल ते सांगता येत नाही. सर्व्हिस टप्पा पडून त्या जाळीला लागली तर फॉल्टच.

1969 साली मेक्सिकोतल्या अकापुल्कोमध्ये एन्रिके कोर्कुएरा यांनी आपल्या घरी भिंतींनी वेढलेलं कोर्ट बांधून हा खेळ सुरू केला. भिंतीला खेळात घ्यायचं हे ज्याला सुचलं, त्याला माझा नमस्कार.

आता तक्रार. हिरव्या कृत्रिम गवतात बारीक वाळू भरलेली असते. तिच्यामुळं गवत उभं राहतं आणि पायाला पकड मिळते. ती रोज झाडूनं सारखी करावी लागते, नाहीतर पायांच्या घासणीनं कोपऱ्यात साचते. जुलैत आपल्या बेळगावच्या संततधारेत आमच्या कोर्टाच्या मागच्या कोपऱ्यात वाळूचा ओला थर बसला होता. तिथं पडलेला बॉल उठेना, आणि लेकीच्या मैत्रिणीचा पाय त्याच जागी सटकला. घोटा सुजला, चार दिवस शाळा बुडाली. मी ऑफिसात दोनदा तोंडी सांगितलं, तिसऱ्यांदा लिहून दिलं, तेव्हा रुंद ब्रश आला. आता सकाळी कोर्ट झाडलेलं असतं, दुपारनंतर नसतं. एवढ्या चांगल्या कोर्टाची अशी हेळसांड बघवत नाही. संध्याकाळी जाणाऱ्यांनी आधी कोपरे बघून घ्यावेत. साधे रनिंग शूज घालू नयेत, तळाला नागमोडी खाचा असलेले टेनिसचे बूट घालावेत.

भाडं सकाळी तासाला 600 रुपये, संध्याकाळी 900. चौघांत वाटलं तर जड नाही. रॅकेट 100 रुपयांत मिळते, पण कडा उखडलेली देत असतील तर बदलून मागा, देतात. रस्त्याकडच्या कोर्टावर सूर्य मावळताना ऊन सरळ डोळ्यांत येतं, आतलं घ्यावं. बॉल टेनिसच्या बॉलपेक्षा थोडा नरम असतो. मऊ पडला की काचेवरून नीट उसळत नाही, तेव्हा नवा मागायला संकोच नको. बायकांच्या चेंजिंग रूमला कडी आहे, पाणी आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडच्या कितीतरी मैदानांवर तेवढंही नसतं.

दुपारी दोन ते चार दोन्ही कोर्टं रिकामी असतात. आमच्या शाळेतल्या आठवीच्या बारा मुली खो-खो खेळतात, त्यांचे पाय या खेळासाठी घडलेलेच आहेत. त्या वेळात अर्ध्या भाड्यानं कोर्ट द्या म्हणून मुख्याध्यापकांचं पत्र मी गेल्या सोमवारी क्लबात दिलंय. पंधरा तारखेच्या बैठकीत विषय घेतो म्हणालेत.