सैल कार्पेट: आधी ताणून घ्यावं की आधी धुऊन?

ब्रिटनमधल्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कार्पेट नीट बसवलेलं नसेल, तर काही वर्षांत खोलीच्या मधोमध वळ्या उठतात. धुलाईवाल्याची वेळ घेताना मग प्रश्न येतो: आधी फिटर, म्हणजे कार्पेट बसवणारा कारागीर, बोलवायचा की आधी धुलाईचं मशीन? दोन्ही क्रम चालतात. माझा कल फिटरकडे आहे. का, ते पुढे येईलच.

वळ्या पडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच. कार्पेट फक्त नी-किकरने, म्हणजे गुडघ्याच्या धक्क्याने ढकलून ग्रिपरवर, म्हणजे भिंतीलगतच्या खिळेदार पट्टीवर, अडकवलेलं असतं. कपाटाएवढ्या जागेला ते पुरतं, हॉलला नाही. हल्लीच्या सिंथेटिक पाठीच्या कार्पेटला साधारण १ ते १.५ टक्का ताण लागतो. चार मीटरच्या खोलीत हे चार ते सहा सेंटिमीटर झाले, आणि तेवढे फक्त पॉवर स्ट्रेचरच, म्हणजे समोरच्या भिंतीला टेकवून कार्पेट ओढणारं लांब दांड्याचं अवजारच, ओढू शकतो.

आधी धुण्याच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. डाग निघतीलच याची खात्री नसेल आणि कार्पेट बदलायचा विचार डोक्यात असेल, तर फिटरचे पैसे आधी कशाला घालवायचे? धुऊन पाहावं, जमलं तर ताणावं. शिवाय धुतल्यावर वळ्या वाढलेल्या दिसल्या म्हणून घाबरण्याचं कारण नाही. ओलाव्याने आणि उष्णतेने पाठीचे थर धरून ठेवणारं लॅटेक्स, म्हणजे रबरी गोंद, तात्पुरतं मऊ पडतं, आणि वाळल्यावर एक-दोन दिवसांत बऱ्याच वळ्या पुन्हा बसतात. मुळात असलेला सैलपणा मात्र तसाच राहतो. आणि ओल्या कार्पेटला कोणालाही ताणू देऊ नका, कारण मऊ पाठीवर किती ताण पडला हे वाळेपर्यंत कळत नाही.

माझ्या लेखी मात्र हा क्रम एका वैतागापायी मागे पडतो: पट्टे. गरम पाण्याच्या मशीनचं तोंड सपाट असतं. ते वळीवर आलं की माथ्यावर टेकतं आणि दोन्ही उतारांवर अधांतरी राहतं. फट राहिली की तिथून हवा आत शिरते, ओढ कमी होते आणि पाणी खालीच राहतं. माथा मात्र घासून निघतो. तो आधीच पायांखाली झिजलेला असतो, त्यात ही भर. वळ्या आहेत तोवर हे फारसं डोळ्यांत भरत नाही. नंतर फिटर येऊन कार्पेट सपाट करतो आणि खोलीभर उजळ-मळकट पट्टे शेजारी शेजारी उमटतात. मग दुसऱ्या धुलाईचा खर्च. शिवाय कडा उचलल्या की स्कर्टिंगखालची (भिंतीच्या तळाच्या लाकडी पट्टीखालची) वर्षानुवर्षांची धूळ नुकत्याच धुतलेल्या कार्पेटवर सांडते, ती वेगळीच. दर वेळी इतकं वाईट होईलच असं नाही, हलक्या वळ्यांवर निभावूनही जातं. पण हाताची मूठ खाली शिरेल एवढी वळी असेल, तर मी हा क्रम सुचवणार नाही.

फिटर आधी येणार असेल तर खोली पूर्ण रिकामी करा. जड कपाट जागच्या जागी ठेवून ताणलेलं कार्पेट त्याच्या पायाशी पुन्हा वळतं. सावकाश, उभं-आडवं व्हॅक्यूम करा, म्हणजे तळाशी बसलेली रेती निघेल. फिटरने एक भिंत अडकलेली ठेवून बाकीच्या कडा सोडवाव्यात, ग्रिपर गंजलेला किंवा हलत असेल तर बदलावा, आणि मग ओढावं. लक्ष ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे स्ट्रेचरचे दात. त्यांनी फक्त कार्पेटची पाठ पकडावी. ते जास्त खोल लावले तर अंडरले, म्हणजे कार्पेटखालचा मऊ थर, फाटतो. स्ट्रेचरचं मागचं टोक थेट प्लास्टरबोर्डच्या भिंतीला टेकवू नये, स्कर्टिंगपाशी आडवी फळी ठेवून दाब पसरवावा. जास्तीची कड कापल्यावर उरलेली ग्रिपर आणि भिंत यांच्यामधल्या फटीत नीट दाबायला हवी. ती बाहेर राहिली तर मशीनचा ब्रश तिथेच अडकतो. कार्पेटच्या दोन तुकड्यांमधला जोड नव्याने चिकटवला असेल तर धुण्याआधी निदान २४ तास जाऊ द्या.

सुटे धागे ओढू नका, कात्रीने पृष्ठभागाच्या पातळीवर कापा. लूप पाइलमध्ये, म्हणजे न कापलेल्या फासांच्या कार्पेटमध्ये, एक धागा ओढला तर अख्खी रांग उसवत जाते. फिरत्या ब्रशला हे काम क्षणात जमतं, म्हणून उसवलेला जोड धुण्याआधीच दाखवून ठेवा.

दोन प्रकारांत मात्र माझा सल्ला लागू नाही. कोपरा पकडीने अलगद सोडवून कार्पेटचे दोन थर बोटांत धरून उलटसुलट सरकवून पाहा. ते एकमेकांवर सरकत असतील तर लॅटेक्स संपलेलं आहे. अशा कार्पेटवर ताण टिकत नाही, फिटरचा खर्च वाचवा. दुसरं म्हणजे तागाच्या पाठीचं विणलेलं कार्पेट, जुनी ॲक्समिन्स्टर आणि विल्टन त्यातलीच. ते भिजलं की आकसतं आणि पिवळसर डागही धरतं. ताणून घट्ट बसवलेलं असताना आकसलं तर ग्रिपरवरून निसटतं, नाहीतर जोड फाटतो. तिथे गरम पाण्याऐवजी कमी ओलाव्याची पद्धतच मागा.

हीच पद्धत मधला मार्ग म्हणूनही उपयोगी आहे. फिटर आठवडाभर मिळत नसेल तर पॉलिमरची, म्हणजे मळ धरून वाळणाऱ्या आणि मग व्हॅक्यूमने निघणाऱ्या द्रावणाची, धुलाई करून घ्या. ती तास-दोन तासांत वाळते, पाठीपर्यंत फारसं पाणी जात नाही, आणि फिटर आल्यावर ताणायला अडचण येत नाही. खोलवरचा मळ मात्र तिने तितकासा निघत नाही.

भाड्याच्या घरात गोष्ट थोडी वेगळी. कार्पेट सैल असणं हा घरमालकाचा विषय, त्यामुळे स्वतः कडा उचलू नका. वळ्या आणि उसवलेले जोड यांचे तारीखवार फोटो एजंटला ईमेलने पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून टेनंट फीज ॲक्टखाली घर सोडताना व्यावसायिक धुलाईचं शुल्क भाडेकरूवर लादता येत नाही. घर आलात तेव्हा होतं तितकं स्वच्छ परत करायचं, एवढंच. धुलाईवाला काम सुरू करण्याआधी आधीच्या दोषांचा कागद सहीसाठी पुढे करेल. त्यावर «वळ्या» एवढंच मोघम न लिहिता कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीपासून किती अंतरावर, हेही लिहून घ्या.