घरच्या सर्व्हरवर गाणी: नॅव्हिड्रोम घ्यावं की जेलीफिन?

जुन्या लॅपटॉपवर डेबियन किंवा उबंटू ही लिनक्स प्रणाली टाकून झाली आणि आता घरातली गाणी फोनवर ऐकायची आहेत, तर बहुतेकांचा शोध नॅव्हिड्रोम आणि जेलीफिन या, घरच्या संगणकावरची गाणी फोनपर्यंत पोचवणाऱ्या दोन प्रोग्रामांपाशी येऊन थांबतो. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्त स्रोत. कुणाची सोयींची यादी लांब आहे हे बघण्याआधी आपला संग्रह उघडून बघा, कारण निवड त्यावरच ठरते.

मराठवाड्यात घरोघरी जे साठलेलं असतं त्यात विकत घेतलेले अल्बम थोडेच. सप्ताहातली कीर्तनं, नाथांची भारुडं, जनाबाईंचे अभंग, कॅसेटवरून उतरवलेला गोंधळ, कुणी पेनड्राइव्हवर दिलेलं काहीबाही. फोल्डरवर नीट ‘गंगाखेड सप्ताह’ लिहिलेलं असतं, आतली फाइल मात्र ‘ट्रॅक ०१’. तिच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आत साठवलेल्या गायक-अल्बमच्या माहितीत, गायकाची जागा रिकामी, नाहीतर कुठल्यातरी डाउनलोड साइटचं नाव.

नॅव्हिड्रोम सगळी मांडणी टॅगवरून करतं, फोल्डरवरून नाही. असा संग्रह तसाच दिला तर सगळं ‘अननोन आर्टिस्ट’खाली एका ढिगात जाऊन पडतं. जेलीफिनही टॅगच वाचतं, पण त्यात फोल्डर जसेच्या तसे दाखवायची सोय सेटिंगमधून चालू करता येते. टॅगला हात लावायचाच नसेल तर जेलीफिन घ्या.

तरी माझं मत नॅव्हिड्रोमच्या बाजूने आहे. टॅग एकदाच नीट करायचे असतात. ‘किड३’ हे साधन फाइलच्या नावावरून टॅग भरून देतं. ‘पिकार्ड’ हे दुसरं साधन ऑनलाइन नोंदींशी ताडून टॅग भरतं; बाजारात आलेल्या अल्बमसाठी उत्तम, पण गावच्या कीर्तनाची नोंद त्याला कुठून सापडणार? देवनागरीत खुशाल लिहा, फक्त एकच रूप धरा. ‘एकनाथ’, ‘संत एकनाथ’ आणि ‘एकनाथ महाराज’ हे सर्व्हरला तीन वेगळे कलाकार वाटतात.

शिवाय नॅव्हिड्रोम हलकं आहे. गो या प्रोग्रामिंग भाषेतला एकच प्रोग्राम, २ जीबी रॅमच्या लॅपटॉपवरही आरामात चालतो. जेलीफिन २०१८ मध्ये एम्बी या मीडिया सर्व्हरपासून वेगळं झालं. त्याचा मूळ जीव व्हिडिओत, म्हणून ते जड. लग्नाचे व्हिडिओ आणि सिनेमेही टीव्हीवर बघायचे असतील तर तो भार सोसण्यासारखा आहे.

ॲपमध्येही नॅव्हिड्रोम पुढे. ते सबसोनिक या संगीत सर्व्हरची पद्धत बोलतं, त्यामुळे सिंफोनियम, सबस्ट्रीमर, अल्ट्रासोनिक असं कुठलंही ॲप चालतं. जेलीफिनसाठी फिनॲम्प आहे, तेही चांगलं. परभणी-लातूर एसटीत रेंज येते-जाते, तेव्हा डेटा वाचवायला ओपस हा कमी जागेत मावणारा ऑडिओ फॉरमॅट कामी येतो: १२८ केबीपीएसचं दोन तासांचं कीर्तन सुमारे ११५ एमबी, तेच ४८ केबीपीएस ओपसमध्ये ४३ एमबी. बोलणं स्वच्छ ऐकू येतं.

बाकी दोन्हींना सारखंच. लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तगतो, राउटर नाही. त्याला छोटा यूपीएस लावा. घराबाहेरून ऐकायला राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडत बसू नका, आपल्याच उपकरणांचं खाजगी जाळं बनवणारं टेलस्केल पुरतं.

तरीही ठरत नसेल तर दोन्ही एकाच फोल्डरवर चालवून बघा. नॅव्हिड्रोम ४५३३ पोर्टवर, जेलीफिन ८०९६ वर, एकमेकांच्या आड येत नाहीत. फोल्डर मात्र दोघांनाही फक्त वाचण्यापुरता द्या आणि कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.