नागपूरहून एका दिवसात: लोणार की जुनापाणी-मनसर-रामटेक?

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून नागपूरच्या एकदिवसीय सहलींत लोणारचं नाव हमखास असतं. पहाटे निघायचं, रात्री घरी. दुसरा पर्याय त्यामानाने कमी विचारला जातो: जाणकार गाइड घेऊन जुनापाणी, मनसर, रामटेक आणि नगरधन. माझं मत आधीच सांगते. हातात एकच दिवस असेल तर दुसरी फेरी करा. लोणारला मुक्काम करूनच जा.

लोणार कमी आहे म्हणून नव्हे, उलट ते एका दिवसात मावत नाही म्हणून. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं, दीडशे मीटरच्या आसपास खोल असं हे उल्काविवर. बेसाल्ट म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या खडकात झालेली अशी विवरं जगात मोजकीच आहेत. पूर्वी त्याचं वय 50 हजार वर्षं धरत, पुढे खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढायच्या पद्धतीने ते साडेपाच लाखांच्या पलीकडे गेलं. काठावर गाइडला लाव्हाचे थर दाखवायला सांगा. एरवी आडवे असणारे थर इथे उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, आणि धडक किती जबर होती ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. तळ्याचं पाणी खारट आणि अल्कधर्मी, पण वर ‘धार’ म्हणतात त्या झऱ्याला बारमाही गोडं पाणी. जून 2020 मध्ये तळं गुलाबी झालं ते क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं.

आता वेळेचा हिशेब करा. एका बाजूचं अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास, मेहकरला समृद्धी सोडून पुढे साधा रस्ता. पाचला निघालात तरी पोचायला नऊ वाजून जातात, म्हणजे विवरात उतरून परत चढायची वेळ नेमकी उन्हाची. आठ तास गाडीत, आणि ज्याच्या छतावरचं कोरीवकाम मान वर करून निवांत बघायला हवं त्या दैत्यसुदन मंदिराला उरतात पंधरा-वीस मिनिटं. अलीकडे तळ्याची पातळीही वाढली आहे. खाली काठाने कुठपर्यंत जाता येतं, ते निघण्याआधी विचारून घ्या.

दुसऱ्या फेरीची सुरुवात काटोल रोडवरच्या जुनापाणीपासून करा, तीही सकाळी लवकर. लोहयुगातल्या माणसांची ही दफनभूमी. काळ्या दगडांची गोल कडी, मधे माती-गोट्यांचा उंचवटा, आणि अशी सुमारे 300 वर्तुळं. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथे उत्खनन केलं होतं. गाइड नसेल तर हे माळरानावरचे धोंडे वाटतील, मी स्पष्टच सांगते. पण तिरप्या उन्हात काही दगडांवर बोटाचं टोक बसेल एवढे खळगे ओळीने कोरलेले दिसतात. ते कुणीतरी विचार करून, एका रेषेत कोरले आहेत. विदर्भातल्या अशा वर्तुळांत माणसासोबत पुरलेले घोडे आणि त्यांचा साजही मिळाला आहे. शहराच्या इतक्या जवळ असूनही आपल्यातले कितीतरी जण तिथे कधीच गेलेले नसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मनसरला जबलपूर रोडने जायचं. हिडिंबा टेकडीवरची विटांची भव्य रचना वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या काळाशी जोडली जाते. सावली नाही, तेव्हा टोपी आणि पाणी हवंच.

आणि मग रामटेक. गडमंदिरात रामाचं दर्शन घेऊन सगळे परततात, पण खरा ठेवा गडावरच्या दोन लहानशा नरसिंह मंदिरांत आहे. वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली ही मंदिरं. इथल्या नरसिंहाच्या मांडीवर हिरण्यकशिपू नाही. तो हातात चक्र घेऊन ऐसपैस बसला आहे, अंगाने भरदार, अगदी निवांत. दोहोंपैकी केवल नरसिंह मंदिराच्या भिंतीत शिलालेखही आहे. गाइडकडून प्रभावतीगुप्तेची गोष्ट इथेच ऐका: दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून, आणि मुलं लहान असताना राज्य चालवणारी राणी. नंतर नगरधनला, म्हणजे तिच्या नंदिवर्धन राजधानीच्या जागी गेलात की ती गोष्ट जमिनीवर उतरते. तिथल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे.

निसर्गाच्या नवलात ही फेरी लोणारपुढे टिकत नाही, हे मान्य. रामटेकजवळचा खिंडसीचा तलाव सुंदर आहे, पण तो विवर नव्हे. घरात दहावी-बारावीतलं, भूगोल-विज्ञानाचं वेड असलेलं लेकरू असेल आणि गाडी चालवायला दोघं असतील, तर हिवाळ्यात लोणार एका दिवसात करायला हरकत नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर मात्र रामटेकच. गाडी गडावर बरीच वरपर्यंत जाते, दमलं की घर तास-दीड तासावर आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्हीसाठी उत्तम. एप्रिल-मे टाळा.

पैसे भरण्याआधी आयोजकाला दोन प्रश्न विचारा. लोणारच्या सहलीत दैत्यसुदनला किती वेळ ठेवलाय? आणि रामटेकच्या सहलीत जुनापाणी आणि नरसिंह मंदिरं आहेत, की फक्त गडमंदिर आणि खिंडसीचं बोटिंग? दुसऱ्याचं उत्तर ‘फक्त गडमंदिर’ असेल, तर गाडी स्वतःची काढा आणि प्राचीन इतिहास शिकवणारा किंवा शिकणारा कुणीतरी सोबत घ्या.