गळकी मायट्रल झडप: रिंग की जेल?

हार्ट अटॅकनंतर गळणारी मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) स्वतः बहुधा धडधाकट असते. खालची भिंत फुगते, झडपेच्या दोऱ्या धरणारा पॅपिलरी स्नायू मागे-बाहेर सरकतो, दोऱ्या ताणतात आणि पाकळ्या मिटायला पुरत नाहीत. यावर उपाय दोन. झडपेच्या कडेला शिवलेली रिंग तिचं तोंड वरून आवळते. स्नायूच्या बुडाशी भिंतीत टोचलेलं जेल त्याला पुन्हा झडपेकडे ढकलतं.

रिंगच्या बाजूने दशकांचा अनुभव आहे. एक-दोन नंबर लहान साइज निवडतात, शिवण ठरलेली. खटकते ती सलाइन टेस्ट, म्हणजे कप्प्यात सलाइन भरून झडप गळते का ते बघणं. ती होते थांबवलेल्या, लुळ्या हृदयावर. पाकळ्या झकास मिटतात. पण स्नायूची ओढ दिसते ती हृदय भरून धडधडायला लागल्यावर. हार्ट-लंग पंपावरून उतरताना इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) जेट, म्हणजे गळतीची धार, दिसला, की पुन्हा क्लॅम्प लावून हृदय थांबवायचं. शिवाय लहान रिंग मागची कड पुढे ओढते, स्नायू मागेच राहतो. मागच्या पाकळीवरचा ताण कधीकधी वाढतोच. 251 रुग्णांच्या 2014 च्या चाचणीत वर्षभरात दुरुस्तीवाल्या (रिंगच्या) गटात 32.6 टक्क्यांना मध्यम किंवा जास्त गळती परतली, झडप बदललेल्यांत 2.3 टक्क्यांना.

जेलचं काम धडधडत्या हृदयावर होतं. इकोवर बघत थोडं-थोडं भरायचं. जेट बारीक होताना समोर दिसतो, तिथंच थांबायचं. अर्थात भानगडी आहेत. जेल मऊ पडलं तर स्नायूंच्या तंतूंतून पसरतं, स्नायू हलत नाही. लवकर घट्ट झालं तर सुईतच अडकतं. दट्ट्या थांबल्यावर सुई लगेच काढली तर ते छिद्रातून बाहेर येतं. व्रणाची भिंत पातळ असते. सुईचं टोक हृदयाच्या पोकळीत गेलं तर जेलचा तुकडा थेट मेंदूकडे जाऊ शकतो. आणि घातलेलं जेल काढता येत नाही.

पुरावाही तोकडा आहे. पॅपिलरीखालच्या जेलचा आधार मुख्यतः मेंढ्यांवरचे प्रयोग. माणसांत आल्जिनेट (समुद्री शेवाळापासूनचं जेल) टोचलं गेलं, 78 जणांच्या चाचणीत, पण हार्ट फेल्युअरसाठी आणि भिंतीत अनेक ठिकाणी. शस्त्रक्रिया झालेल्या 35 पैकी तिघे 30 दिवसांत दगावले.

म्हणून आज टेबलावर रुग्ण असेल तर जेलचा विचार नको. ओढ जास्त असेल तर रिंगपेक्षा झडप बदलणं बरं. प्रयोगशाळेत वर्षं कुठे घालवायची हा प्रश्न असेल, तर माझा कल जेलकडे. फक्त झडपेचं तोंडच रुंदावलं असेल, तर एकट्या जेलने भागायचं नाही.